आवडाबाईचं रिकामं स्टूल

"मास्तर मेला तवा मना सांगाला कोन आला नाय. आन आथा त्याचा कागद मागाला बरा आलास?"

"मागायला नाही आलो, आवडाबाई. चार दिवस प्रदर्शनात लावू, लोक बघतील, आणि परत आणून देऊ."

"बगाला डोले लागतान. ते मास्तरकडं व्हते. तुझेकडं चस्मा हाय."

मधु सरांनी चष्मा काढला, झब्ब्याच्या टोकाला पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. दुसरं काही सुचलं नाही की शिकलेला माणूस चष्मा पुसतो. आवडाबाई खाली मान घालून पाटीतल्या निवट्या निवडत होती. निवटी म्हणजे आमच्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारी, बोटाएवढी, डोळे बाहेर आलेली मासळी. जिवंत असते तोवर किंमत, मेली की मांजराची. त्यामुळे आवडाबाईला घाई होती आणि मधु सरांना नव्हती. हा तंटा पहिल्यापासूनच तिथं बसलेला होता.

सन शहाण्णव. कोलशेत. आवडाबाईच्या घराची ओटी. कोपऱ्यात तिचा नवरा दामाजी जाळं विणत बसलेला. हा माणूस लग्नाच्या दिवशी बोलला होता म्हणतात, पण त्यालाही साक्षीदार नाही. बाजल्यावर पंढरी, गावकीचा जुना पंच, नातीच्या लग्नाची सुपारी घेऊन आलेला. पितळी ताटलीत नारळ, वर सुपारी. ताटली अजून त्याच्याच मांडीजवळ होती, कारण तो हातात देणार एवढ्यात हा झब्बेवाला दारात उगवला.

ही सुपारी काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडं लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडानं. भटजी असतोही, पण तो दक्षिणेपुरता. हळद दळण्यापासून मांडवाच्या खांबापर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो जिला पाठ असतो ती धवलारीण. तिला सुपारी दिली, की ते लग्न तिचं. ती म्हणेल तेव्हा नवरीला हळद, ती म्हणेल तेव्हा नवऱ्याला पाणी. आवडाबाई आमच्या पट्ट्यातली धवलारीण. तिचा आवाज गोड नव्हता. खाडीच्या पल्याड ऐकू जायचा, एवढंच. पण धवलारणीला आवाजापेक्षा नाव लागतं. जिच्या नावाला डाग, तिच्या तोंडचा धवला नवरीला चालत नाही. म्हावरं तर आवडाबाई पोटासाठी विकायची. जगायची ती लग्नसराईत.

आणि दारावर, गावदेवीचा फोटो आणि सासऱ्याचा फोटो यांच्या मधोमध, काचेच्या चौकटीत ते चित्र. कोळशाचं. मोठा कागद. त्यात एक माळ्यावरची खोली: खिडकी, तिवई, तिवईवर अर्धवट कॅनव्हास, पोरांना गिरवायला ठेवलेला, हात तुटलेला प्लास्टरचा बाबा, स्टोव्ह, पाण्याचा तांब्या, भिंतीला खिळ्यावर लटकलेली छत्री. मध्ये एक लाकडी स्टूल, रिकामं. स्टुलाशेजारी म्हावऱ्याची पाटी, आणि पाटीकडं बघणारं मांजर.

घरोघरी देव टांगतात, मेलेली माणसं टांगतात. रिकामं स्टूल टांगलेलं गावात हे एकच घर.

मधु हा डोंबिवलीच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. म्हणजे दिवसा पोरांकडून आंबा आणि फुलदाणी काढून घ्यायची, आणि उरल्या वेळात दाढी वाढवायची. स्वतःला टिपणीस मास्तरांचा शेवटचा शिष्य म्हणवायचा. मास्तर वारल्यापासून त्यांचे शेवटचे शिष्य मला पुष्कळ भेटलेत. जिवंतपणी त्यांचा चहा कोण आणायचं यावरून भांडणारे, मेल्यावर त्यांचा वारस कोण यावरून भांडत होते. त्यातल्या त्यात मधुनं बाजी मारली होती. त्यानं डोंबिवलीत हॉल ठरवला होता, मास्तरांच्या चित्रांचं प्रदर्शन मांडायचं होतं, पुस्तिका छापायला गेली होती. फक्त एक चित्र हवं होतं. मास्तर शेवटी शेवटी म्हणायचे, माझं सगळ्यात खरं चित्र कोलशेतला एका ओटीवर टांगलंय.

आणि चित्र नुसतं असून भागत नाही म्हणे. ते कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेलं, याची वंशावळ लागते. म्हैस घेताना विचारतात ना, कुठल्या गोठ्यातली, दूध कोण काढायचं, तसंच. मधुनं ती वंशावळ घरूनच रचून आणली होती. मास्तरांनी हे चित्र एका कोळी भगिनीस आदरपूर्वक भेट दिले. आणि स्टूल रिकामं का? तर ती माणसाची अनुपस्थिती. आधुनिक शहरातला एकटेपणा. हे त्यानं ओटीवर वाचून दाखवलं. आवडाबाईनं एक मेलेली निवटी उचलून मांजराकडं फेकली.

खरी गोष्ट अशी.

त्र्याऐंशीच्या सुमाराला टिपणीस मास्तर ठाण्यात तलावपाळीच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यावर चित्रांचा क्लास घ्यायचे. खाली जात्याची घरघर, वर पोरं रेघा मारतायत आणि सगळ्यांच्या डोक्यावर ज्वारीचं पीठ. मास्तर सीकेपी, म्हणजे माशाच्या बाबतीत आमचे नातेवाईकच. फरक एवढाच, आम्ही पकडतो आणि ते नावं ठेवतात. आवडाबाई दर रविवारी उरलेली पाटी घेऊन त्यांचा जिना चढायची. मास्तर बोय माशाचा कल्ला उचलून बघायचे, हा शिळा म्हणायचे, आणि घ्यायचे.

एक दिवस ते म्हणाले, बाई, घटकाभर इथं स्टुलावर बसशील का, पाटीसकट. आवडाबाईचे पाय पहाटेपासून चालून सुजलेले. बसायला सांगतोय, वर चहा देतोय, असं गिऱ्हाईक तिनं जन्मात बघितलं नव्हतं. बसली.

पण बसणं म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. हात बसले तर पाय चालायचे, पाय बसले तर तोंड चालायचं. समोरच्या पोराला तुझी आई कुठली विचारायची. मांजराला हाड् करायची. मास्तर म्हणाले तोंड बंद ठेव, तर बंद तोंडानं धवला गुणगुणायची, आणि चांगली ओळ आली की तोंड आपोआप उघडायचं. मास्तरांचा तर हट्ट, जे दिसतं तेच काढायचं, स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही. पोरांनी मुंबईच्या चित्रकारांसारखं तिरकं नाक, तीन डोळे काढले की ते म्हणायचे, आधी एक डोळा नीट काढ, उरलेले उधार ठेव. असा हा माणूस. त्याला जे दिसत होतं ते त्यानं काढलं.

किती रविवार गेले कोण जाणे. शेवटी त्यांनी बोर्ड फिरवला आणि म्हणाले, बघ.

आवडाबाईनं बघितलं. खोली बघितली, स्टोव्ह बघितला, स्वतःची पाटी बघितली. पाटीची तुटलेली काडीसुद्धा काढली होती, तिला हसू आलं. मग तिनं स्टुलावर बघितलं. तिथं एक बाई बसलेली. नाक चपटं, तव्यावर दाबल्यासारखं. तोंड हे एवढं उघडं, त्यात पुढचे दात किडलेले. हनुवटीखाली मांस. आवडाबाईच्या घरी आरसा होता तो टिकलीएवढा. त्यात एका वेळी एकच डोळा दिसायचा, आणि डोळे तिचे चांगले होते. त्या हिशेबानं बाकीचंही चांगलंच असणार, असा तिचा समज.

तिनं कुणाला विचारलं नाही. म्हावऱ्याच्या पाण्यानं ओला झालेला पदर मुठीत धरला आणि कागदावरची ती बाई पुसून टाकली.

पोरं आ वासून बघत राहिली. मास्तर रागावतील असं सगळ्यांना वाटलं. मास्तरांनी बोर्ड पुढं ओढला. मग कोळसा घेतला आणि पुसलेल्या जागेत स्टुलाची बैठक काढायला लागले. बाई उठून गेली, स्टूल तर आहे ना. दिसतं ते काढायचं. आवडाबाई फणफणत जिना उतरली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मास्तरांनी तिचा मासा शिळाही म्हटला नाही आणि घेतलाही नाही.

इथवर ठीक होतं. पण खाली गिरणीत पंढरी होता.

पंढरीचा तेव्हा टेम्पो होता, गिरणीत पोती टाकायचा. त्यानं आवडाबाईला जिना चढताना बघितलं, उतरताना बघितलं. वर काय चालतं, हे त्यानं गिरणीवाल्याला विचारलं. गिरणीवाला म्हणाला, वर चित्रं काढतात, कधी बाया पण बसवतात म्हणे, कापडं काढून. गिरणीवाल्यानं आयुष्यात तो जिना चढला नव्हता. पण पीठ बारीक करण्याची सवय, बातमीही तशीच दिली. पंढरीनं ती टेम्पोत घातली आणि कोलशेतपर्यंत सांडत आणली.

दोन दिवसांत गावभर झालं. पाणवठ्यावर बाया तिला बघून हंडा बाजूला घ्यायला लागल्या. कोलशेतातल्याच एका घरात हळद होती, तिथं तिच्या जागी बाळकुमची धवलारीण बोलावली, जिला धवल्यातल्या अर्ध्या ओळी येत नाहीत आणि उरलेल्या अर्ध्या चुकीच्या येतात. हे आवडाबाईला जास्त लागलं. नंतर एका संध्याकाळी गावदेवीच्या देवळात गावकी बसायची ठरली. तिला बोलावणं आलं.

आवडाबाई त्या सकाळी ठाण्याला गेली, सरळ माळ्यावर. म्हणाली, तो कागद दे. मास्तर म्हणाले, अजून त्याला लाखेचं पाणी फुंकायचंय, नाहीतर हात लागला की कोळसा सुटेल. ती म्हणाली, सुटू दे. मास्तरांनी कारण विचारलं, तिनं सांगितलं. मास्तरांनी सहीसुद्धा न करता कागद सुरळी करून तिच्या हातात दिला. आदरपूर्वक वगैरे काही नाही. म्हणाले, ने, इथं राहिला तर मांजर बसेल.

गावकीत पंच एका रांगेत. आवडाबाईनं कागद मधोमध पसरला, चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या. म्हणाली, तुमी बोलतान माझा चितर काढला. शोधा मना.

सगळी गावकी वाकली. म्हाताऱ्यांनी कंदील जवळ घेतला. खिडकी सापडली, छत्री सापडली. हात तुटलेला बाबा सापडला, त्याच्या अंगावर कापड नाही यावर थोडी चर्चा झाली, पण तो बाप्या होता आणि गावचा नव्हता. मांजर सापडलं. पाटी सापडली. आवडाबाई सापडली नाही.

"पाटी हाय, बाई नाय," थोरला पंच म्हणाला. "पाटीला काय लाज? सुटली."

तुमच्या माझ्यासारख्याला लगेच प्रश्न पडला असता, की पाटीची तुटलेली काडी दिसेपर्यंत मास्तर ती काढत होते, तर तेवढा वेळ पाटीची मालकीण कुठं होती? गावकीतल्या एकालाही तो पडला नाही. आवडाबाईनं शपथेवर सांगितलं, मी म्हावरा दिला आन खाली उतरले, वर बसले नाय. गावकीनं मान डोलावली. दामाजीनं दुसऱ्या दिवशी ठाण्याहून काच आणली, चौकट ठोकली आणि चित्र दारावर टांगलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. एका बाईचं नाव शाबूत असल्याचा दाखला, आणि तो दाखला म्हणजे ती त्यात नाही हे. पुढं तेरा वर्षं आवडाबाईनं गावातली सगळी लग्नं लावली. पंढरीच्या घरचीसुद्धा.

तर असा हा रिकामा एकटेपणा.

मधु सरांनी आता चित्र खाली उतरवायची परवानगी मागितली. आवडाबाईनं कशीबशी दिली. त्यांनी खिळे सैल केले, काच अलगद बाजूला काढली. काचेच्या आतल्या बाजूला कोळशाची पुसट खोली उमटली होती, उलटी. मधु सर हरखले. खिशातून भिंग काढलं आणि कागद उजेडाला तिरका धरला. स्टुलापाशी येऊन त्यांचा हात थांबला.

"इथे कुणीतरी आहे," ते हळू म्हणाले. "बैठकीच्या खाली रेघा आहेत. इथे एक बाई काढली होती. पुसलीय."

बाजल्यावर पंढरी पुढं सरकला. मधु सरांना आता कुणी थांबवू शकत नव्हतं. मास्तरांनी लग्न का केलं नाही, हे त्यांना जागच्या जागी समजलं होतं. कुणीतरी होती. मास्तरांनी तिला काढलं, आणि मन घट्ट करून स्वतःच्या हातानं पुसलं. छापायला गेलेली पुस्तिका थांबवावी लागेल, असं ते बोलले आणि ते बोलताना त्यांचा चेहरा उजळला.

पंढरीनं ताटली उचलून मांडीवर घेतली. नारळावर पंजा ठेवला.

"कापरा हायत का तिचे अंगाव?"

"कलेत तो प्रश्न नसतो हो."

"गावकीत त्योच असतो."

आवडाबाई गप्प बसली. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुन्हा सांगायची पाळी येणार नाही. तिच्या हातातली निवटी सुटली आणि उड्या मारत ओटीवरच्या जात्याखाली गेली, तरी तिनं हात घातला नाही. ती नारळाकडं बघत होती. ठाऊक नाही म्हणावं, तर नारळ उठून जातो. आज पंढरीच्या घरचा, उद्या गावाचा. आणि खरं सांगावं, तर ती नाकवाली, किडक्या दातांची बाई कोळशातून बाहेर येऊन ओटीवर बसते. तेरा वर्षं तिनं तिला काचेमागं दाबून ठेवली होती.

"भिंग पंढरीला दे," ती म्हणाली.

मधु सरांनी कुरकुरत दिलं. पंढरीनं ते उलटं धरलं, मग सुलटं.

"खाली बग. पायाकडं. काष्टा हाय का नाय?"

पंढरी नाक कागदाला लावून बघत राहिला. "हाय. लुगरा हाय."

"हाताकडं बग."

"बांगऱ्या हायत. कोपरापावेतो चोली हाय."

"आथा वर बग."

पंढरी वर गेला आणि तिथंच अडकला. भिंग पुढं नेलं, मागं आणलं. मग मान वळवून कोपऱ्यात बघितलं.

"दामाजी, तोंड उघडा हाय रं."

"मंग तीच," दामाजी म्हणाला. जाळ्यावरून त्यानं डोळे उचलले नाहीत.

आवडाबाईनं मग सगळं सांगून टाकलं, भरभर, जशी दराची घासाघीस संपवतात तसं. बसले व्हते. चाय प्याले. त्यानी मना अशी काढली म्हनून मीच पुसली, पदरानी. मधु सरांनी दोनदा विचारलं, म्हणजे मास्तरांनी नाही पुसली? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज रडवेला होता. एवढी मोठी वेदना हाताशी आली होती, ती म्हावऱ्याच्या पदरानं पुसली गेली.

पंढरीला मात्र हिशेब सुचला. "गावकीत बोल्लीस, वर बसलेच नाय."

"तू बोल्लास कापरा नवता."

पंढरीनं भिंग खाली ठेवलं. पंढरीला कळत होतं. ही गोष्ट गावकीत न्यायची, तर तेरा वर्षांपूर्वी कागदाला नाक लावून बसलेले सगळे पंच आंधळे होते हेही न्यावं लागेल, आणि त्या रांगेत तो स्वतः दुसरा बसला होता. आमच्याकडं सत्याला मान आहे, पण पंचाला जास्त. त्यानं ताटली तिच्यापुढं सरकवली. म्हणाला, हळद बुधवारी. आणि चपला घालून निघाला.

आवडाबाईनं नारळ घरात नेऊन देवाजवळ ठेवला. बाहेर आली तर मधु सर वहीत लिहीत होते. सावरले होते बिचारे. आता पुस्तिकेत नवं पान जाईल, म्हणाले. श्रमिक स्त्रीनं स्वतःच्या प्रतिमेला दिलेला नकार. चित्राशेजारी भिंगसुद्धा टांगणार, लोक एकेक करून वाकून बघतील, डोंबिवलीतली सगळी मंडळी बघतील.

"सगली?"

"सगळी."

"चार दिस?"

"फक्त चार दिवस."

"ने," आवडाबाई म्हणाली. मग म्हणाली, थांब जरा. निवट्यांच्या पाण्यात अंगठा बुडवला, कागदावर वाकली, आणि स्टुलाच्या वर, अगदी नेमक्या जागी, अंगठा दाबून एकदा गोल फिरवला.

मधु सरांचं तोंड चित्रातल्या बाईसारखं झालं.

"नाक त्याला जमला नवता," ती म्हणाली. "आथा बरा हाय."

तिनं जात्याखालची निवटी ओढून काढली, पाटीत टाकली, वर ओलं फडकं घातलं आणि डोक्यावर चुंबळ बसवली.

"हात लाव पाटीला."

मधु सरांनी कोळशानं काळे झालेले हात पाटीला लावले. पाटी चढली. मागून दामाजी चौकटीचे खिळे गोळा करत होता. आवडाबाई ओटी उतरली, रस्त्यावरच्या नव्या बिल्डिंगीच्या गेटापाशी गेली, आणि तोंड उघडून पहिली हाक दिली.